भिंतीवरचं १२९६: एका वर्षाच्या तक्त्याचं परीक्षण

पुण्याच्या आप्पा बळवंत चौकात शालेय तक्ते विकणाऱ्या दुकानांत ‘इ.स. १२९६’ एवढंच ठळक शीर्षक असलेला एक मोठा तक्ता मिळतो. एका वर्षात जगाच्या कोणत्या भागात काय राजकारण झालं आणि धर्माच्या क्षेत्रात काय घडलं, हे एकाच कागदावर तारखांनिशी मांडायचं, अशी त्यामागची कल्पना आहे. मराठी वाचकाच्या दृष्टीने वर्षाची निवड उत्तम. देवगिरीवर अलाउद्दीन खिलजी चालून आला ते हेच वर्ष, आणि आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली तेही हेच.

निकाल आधीच सांगून टाकतो: तक्ता घेण्यासारखा आहे. फक्त भिंतीवर लावण्याआधी पेन्सिल आणि पट्टी घेऊन तासभर बसावं लागेल. कालगणनेत काही चुका आहेत आणि त्या बरोबर अशा ठिकाणी आहेत की ज्यासाठी तक्ता घ्यायचा तेच बिघडतं. कोणती घटना आधी, कोणती नंतर, आणि मध्ये दिवस किती, हे नीट दिसत नसेल तर एवढा मोठा कागद भिंतीवर लावून उपयोग नाही.

आधी वस्तूबद्दल. आकार २३ बाय ३६ इंच, कागद जाड आणि मॅट, छपाई चार रंगांत. सोबत २४ पानांची पुस्तिका. आडव्या दिशेने बारा महिने, प्रत्येक महिन्याला अडीच इंच. म्हणजे एका दिवसाला साधारण दोन मिलिमीटर. वरच्या बाजूला तीन पंचांगपट्ट्या आहेत: ज्युलियन (आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरच्या आधीची जुनी युरोपीय पद्धत), शक आणि हिजरी. त्यांच्याखाली दख्खन, दिल्ली, दक्षिण भारत, पश्चिम आशिया व इजिप्त, युरोप आणि पूर्व आशिया असे सहा पट्टे. राजकीय घटनेला तांबडा ठिपका, धार्मिक घटनेला निळा, आणि दोन्ही असेल तर अर्धा तांबडा-अर्धा निळा. ही खूण फार चांगली साधली आहे, कारण या वर्षातल्या बऱ्याच घटना खरोखरच दोन्हीकडच्या आहेत.

गुंडाळी केलेली प्रतच मागा. घडी घातलेली प्रत थोडी स्वस्त पडते, पण तिची एक घडी बरोबर ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यावरून जाते. घडीवर शाईचे पापुद्रे निघतात आणि सगळ्या वर्षातली सगळ्यात दाट जागा पांढरी पडते. लॅमिनेशनवाली प्रतही टाळा. ट्यूबलाइटखाली ती चमकते, खालचे दोन पट्टे उभं राहून वाचता येत नाहीत, आणि मुख्य म्हणजे तिच्यावर पेन्सिल चालत नाही.

आता मजकूर. सुरुवात दख्खन आणि दिल्ली या पट्ट्यांपासून करू, कारण तक्त्याचा जीव तिथे आहे आणि ते एकमेकांना लागून छापले हे संपादकाचं खरं कौशल्य.

अलाउद्दीन तेव्हा सुलतान नव्हता. तो सुलतान जलालुद्दीन खिलजीचा पुतण्या आणि जावई, आणि गंगेकाठच्या कड्याचा सुभेदार. कडा म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातल्या कौशांबी जिल्ह्यातलं गाव. चंदेरीकडे जातो असं भासवून तो फेब्रुवारीच्या शेवटी निघाला, एलिचपूरवरून म्हणजे आजच्या अचलपूरवरून घाट उतरून देवगिरीवर आला. यादवांचं मुख्य सैन्य युवराजाबरोबर बाहेर होतं. राजा रामचंद्र किल्ल्यात अडकला, तह झाला, तेवढ्यात युवराज परतला, पुन्हा लढाई झाली, आणि हरल्यावर पहिल्यापेक्षा कडक अटी मान्य कराव्या लागल्या. एलिचपूरचा वसूल द्यायचं ठरलं. जूनच्या सुरुवातीला अलाउद्दीन लुटीसह कड्याला परत पोचला होता. १९ जुलैला, रमजानच्या १७ तारखेला, त्याने भेटीला आलेल्या चुलत्याचा कड्याजवळ गंगेकाठी खून करवला. मग भर पावसाळ्यात दिल्लीचा रस्ता धरला. वाटेत मंजनीकातून, म्हणजे दगड फेकायच्या यंत्रातून, सोनं उधळत गेला, असं इतिहासकार बरनी लिहितो. दिल्लीत जलालुद्दीनच्या बेगमेने धाकट्या मुलाला, रुकनुद्दीन इब्राहिमला, गादीवर बसवलं होतं. थोरला अर्कली खान मुलतानला होता. सोनं पाहून अमीर फुटत गेले आणि २१ ऑक्टोबरला अलाउद्दीन दिल्लीच्या तख्तावर बसला.

हे सगळं तक्त्यावर एका तिरप्या बाणाने दाखवलंय: देवगिरीपासून निघून कड्यावरून दिल्लीला. बाण सोनेरी रंगात आहे. दिल्लीचं तख्त देवगिरीच्या पैशावर मिळालं, ही गोष्ट पानभर लिहूनही जेवढी ठसणार नाही तेवढी या एका बाणाने ठसते. इथे संपादकाला पैकीच्या पैकी गुण.

आणि मग त्या २१ ऑक्टोबरच्या उजवीकडे, दख्खनच्या पट्ट्यात, आळंदीचा निळा ठिपका. शके १२१८, कार्तिक वद्य त्रयोदशी, गुरुवार. ज्युलियन तारीख २५ ऑक्टोबर १२९६. दिल्लीतलं राज्यारोहण आणि इंद्रायणीकाठची समाधी यांत अवघे चार दिवस. तक्त्याच्या मापात आठ मिलिमीटर. दोन्ही ठिपके एका नजरेत यावेत आणि वाचणारा क्षणभर थबकावा, यासाठी हा तक्ता विकत घ्यायचा. देवगिरीहून दिल्लीला सोनं गेलं त्याच वर्षी, त्याच रामचंद्र यादवाच्या राज्यात, नामदेवादी संतमंडळी आळंदीला जमली होती.

पण नेमका इथेच घोळ घातलाय. पुस्तिकेत तारीख २५ ऑक्टोबर छापली आहे आणि तक्त्यावर ठिपका मात्र १ नोव्हेंबरवर आहे. दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या आहेत. २५ ऑक्टोबर ही ज्युलियन, १ नोव्हेंबर ही तोच दिवस आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने मागे मोजत नेल्यावर येणारी. तेराव्या शतकात या दोन्हींत सात दिवसांचं अंतर आहे. चूक अशी की वरची पट्टी ज्युलियन, अलाउद्दीनचा ठिपका ज्युलियन, आणि आळंदीचा तेवढा ग्रेगोरियन. त्यामुळे चार दिवसांचे अकरा झाले आणि आठ मिलिमीटरचे सव्वादोन सेंटिमीटर. आळंदीचा ठिपका खोडून २५ ऑक्टोबरवर काढा. ही पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची दुरुस्ती.

ही चूक सहज का सुटते, तेही सांगायला हवं. जुनी तारीख तपासायची सोपी युक्ती म्हणजे वार जुळतो का पाहणं. १ जानेवारी १२९६ ला ज्युलियन पद्धतीने रविवार होता आणि वर्ष लीप होतं. हवी ती तारीख वर्षातला कितवा दिवस ते काढा, एक वजा करा, सातने भागा. बाकी शून्य आली तर रविवार, एक आली तर सोमवार. २५ ऑक्टोबर हा २९९ वा दिवस, २९८ ला सातने भागून बाकी चार, म्हणून गुरुवार. परंपरेतला वारही गुरुवार, म्हणजे जमलं. पण १ नोव्हेंबर ३०६ वा दिवस, ३०५ ला सातने भागून बाकी पुन्हा चार, पुन्हा गुरुवार! अंतर नेमकं सात दिवसांचं असल्यामुळे या शतकात वार दोन्हीकडे सारखाच येतो आणि वाराची चाळणी इथे काहीच पकडत नाही. शिवकाळात अंतर दहा दिवसांचं आहे, तिथे वार लगेच बोंब मारतो. म्हणून शिवकालीन तारखांवर हात बसलेली मंडळीही तेराव्या शतकात चुकतात. (शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही ज्युलियन तारीख आहे, ग्रेगोरियनने ती १ मार्च येते. आपल्याकडे मध्ययुगीन तारखा ज्युलियनच लिहिण्याची रीत आहे आणि ती पाळावी.)

इथे उपयोगी पडतो तो चंद्र. वद्य त्रयोदशी म्हणजे अमावास्या दोन दिवसांवर. त्या वर्षीची ती अमावास्या ज्युलियन २८ ऑक्टोबरच्या आसपास येते. ज्युलियन १ नोव्हेंबरला आकाशात शुक्ल पक्षातली कोर असणार, त्रयोदशीचा प्रश्नच नाही. तिथी, वार आणि महिना तिन्ही एकत्र बसल्याशिवाय तारीख पक्की धरायची नाही, हा नियम या तक्त्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला लावा.

दुसरी दुरुस्ती शकाच्या पट्टीची. छापताना शके १२१८ जानेवारी ते डिसेंबर असं सरळ ताणून दिलंय. शक चैत्र शुद्ध प्रतिपदेला बदलतो आणि त्या वर्षी पाडवा मार्चच्या पहिल्या आठवड्यात आला. त्याच्या आधीचे सव्वादोन महिने शके १२१७ चे. परिणाम असा की अलाउद्दीन कड्याहून निघाला तो दिवस तक्त्यावर १२१८ मध्ये पडतो, खरा तो १२१७ च्या फाल्गुनातला आहे. शकावरून इसवी सन काढताना ७८ मिळवतात हे सगळ्यांना पाठ असतं. पण ते पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत. जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे. पट्टीवर मार्चच्या पहिल्या आठवड्यात उभी रेघ मारा आणि डावीकडे १२१७ लिहा.

संवत्सराचं नाव मात्र बरोबर छापलंय: दुर्मुख. तपासायचं असेल तर दक्षिणेकडच्या पद्धतीने शकात १२ मिळवून ६० ने भागा. १२३० ला ६० ने भागून बाकी तीस, आणि तिसावा संवत्सर दुर्मुखच. याच रीतीने ज्ञानेश्वरी लिहून झाली तो शके १२१२ घेतला तर चोविसावा, विकृती.

महिन्याच्या नावावरूनही एक प्रश्न नेहमी येतो. उत्तरेकडच्या पंचांगात हाच दिवस मार्गशीर्ष कृष्ण त्रयोदशी म्हणून सापडेल, कारण तिथे महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला. शुक्ल पक्षात दोघांचा महिना एक, वद्य पक्षात त्यांचा एक महिना पुढे. दिवस तोच. त्यावरून ठिपका महिनाभर उजवीकडे सरकवायचा नाही. मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी ही आपल्या पंचांगाने सोपानदेवांच्या सासवडच्या समाधीची तिथी आहे. ती तक्त्यावर नोव्हेंबरमध्ये दिलेली आहे आणि बरोबर आहे. मुक्ताबाई आणि निवृत्तिनाथ यांच्या समाधी शके १२१९ मधल्या, म्हणून त्या घेतल्या नाहीत, तेही योग्य.

हिजरी पट्टी सगळ्यांत काळजीपूर्वक केलेली आहे. ६९५ हे वर्ष १० नोव्हेंबर १२९५ ला सुरू होऊन २९ ऑक्टोबर १२९६ ला संपतं, आणि पट्टीवर तसंच रंग बदलून दाखवलंय. यातून एक छान गोष्ट दिसते. कड्याहून प्रयाण, देवगिरीचा तह, जलालुद्दीनचा खून, दिल्लीचं राज्यारोहण हे सगळं एकाच हिजरी वर्षात बसतं. फारसी तवारिखांत ही सगळी हकिगत ६९५ खाली सलग का येते, ते पट्टी पाहताच कळतं. शकाने मात्र तीच हकिगत दोन वर्षांत तुटते.

एक-दोन दिवसांचा फरक इथे गृहीत धरा. प्रयाणाची तारीख रबी-उल-आखिर १९ अशी मिळते. गणिताने ती २५ फेब्रुवारीला येते, पुस्तकांत मात्र २६ छापलेली दिसते. हिजरी महिना चंद्रदर्शनाने सुरू होतो, गणिताने नव्हे, आणि दिवस सूर्यास्ताला बदलतो. या दोन कारणांनी एखादा दिवस इकडेतिकडे होणारच. तक्त्यावर २६ आहे, राहू द्या. फक्त बाजूला बारीक अक्षरात १९ रबी-उल-आखिर ही मूळ नोंद लिहून ठेवा. रूपांतरित तारखेपेक्षा मूळ नोंद जपणं जास्त महत्त्वाचं.

आता पुस्तिका. लिखाण सोपं आहे, वाक्यं छोटी आहेत, आठवी-नववीच्या मुलाला कळेल. पण चार जागा सांभाळा.

पहिली, पान ७ वर ‘१२९६ मध्ये यादवांचं राज्य संपलं’ असं विधान आहे. संपलं नाही. रामचंद्र त्यानंतर जवळजवळ पंधरा वर्षं राज्यावर होता. खंडणी थांबल्यावर मलिक काफूर चालून आला, रामचंद्राला दिल्लीला नेलं, सन्मानाने परत पाठवलं, आणि पुढे त्याच्या वारसांच्या काळात, चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीला राज्य बुडालं. हा समज इतका घट्ट आहे की पाठ्यपुस्तकं वाचून मोठी झालेली माणसंही तेच सांगतात. तक्त्यावर असं विधान नको होतं, विशेषतः जेव्हा त्याच तक्त्यावर राजवटीची पट्टी डिसेंबरच्या पुढे बाण करून नेली आहे.

दुसरी, नकाशात ‘दौलताबाद’ लिहिलंय. ते नाव मुहम्मद तुघलकाच्या काळातलं, म्हणजे तीस वर्षांनंतरचं. १२९६ च्या तक्त्यावर देवगिरीच हवं. रामचंद्र आणि रामदेवराव हे एकच, हेही कुठे सांगितलेलं नाही. पान ५ वर एक नाव आणि पान ६ वर दुसरं, त्यामुळे मुलं दोन राजे समजतात. युवराजाच्या बाबतीत तोच गोंधळ: शंकरदेव आणि सिंघण अशी दोन्ही नावं साधनांत येतात, पुस्तिकेतही येतात, पण दोन्ही त्याच युवराजासाठी आहेत हे सांगणारी ओळ नाही.

तिसरी, लुटीचे आकडे. सहाशे मण सोनं वगैरे यादी चौकटीत ठळक छापली आहे. हे आकडे फिरिश्त्याचे आणि फिरिश्ता घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहितो. धान्य समजून किल्ल्यावर नेलेल्या पोत्यांत मीठ निघालं, ही प्रसिद्ध गोष्टही त्याच्याकडचीच. बरनी साठेक वर्षांनी, इसामी पन्नासेक वर्षांनी, आणि अमीर खुसरो तेवढा समकालीन, तोही अलाउद्दीनच्या दरबारातला. सैन्य किती होतं याबद्दलही असंच आहे. बरनीकडे तीन-चार हजार घोडेस्वार आणि दोन हजार पायदळ, नंतरच्या लिखाणात आठ हजार. पुस्तिकेने आठ हजार सरळ छापले. प्रत्येक आकड्यापुढे सांगणाऱ्याचं नाव आणि त्याचं साल एवढं कंसात लिहा, चौकट लगेच वाचनीय होते.

चौथी, ज्ञानदेवांचं वय एकवीस दिलंय. जन्मशक ११९७ धरला तर ते बरोबर, पण ११९३ मानणारा पक्षही आहे आणि त्याचा उल्लेख हवा होता. समाधीच्या तिथीबद्दल वारकरी परंपरा एकमताने बोलते, नामदेवांच्या नावावरचे समाधीचे अभंग तिच्या पाठीशी आहेत, आणि आजही आळंदीची कार्तिकी यात्रा याच तिथीभोवती भरते. जन्मसालाचं तसं नाही. चित्रकाराने आळंदीचं आजचं देऊळ रेखाटलंय, तेही नंतर बांधत गेलेलं. त्या जागी नुसता इंद्रायणीचा काठ आणि सिद्धेश्वराचं ठिकाण दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

युरोपच्या पट्ट्यावर घटना ठीक निवडल्या आहेत. पोप आठवा बोनिफेस याने धर्मगुरूंनी राजांना कर द्यायचा तर पोपची परवानगी हवी, असा हुकूम काढला तो फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे अलाउद्दीन कड्याहून निघाला त्याच आठवड्यात. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने ऑगस्टमध्ये सोनंचांदी देशाबाहेर न्यायला बंदी करून पोपचं उत्पन्नच तोडलं. हा अर्धा तांबडा-अर्धा निळा ठिपका अगदी चपखल. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने ३० मार्चला बेरिक लुटलं, २७ एप्रिलला डनबारला स्कॉटिश सैन्य मोडलं, जुलैत राजा जॉन बॅलियलला पदच्युत केलं आणि स्कोनचा राज्याभिषेकाचा दगड उचलून वेस्टमिन्स्टरला नेला. तो दगड १९९६ साली, बरोबर सातशे वर्षांनी, स्कॉटलंडला परत गेला. त्याच १९९६ मध्ये आळंदीला मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. पुस्तिकेत ही जोड नाही, घालायला हवी होती. फ्लॉरेन्सच्या कॅथिड्रलची पायाभरणी सप्टेंबरातली, तीही आहे.

उणीव एकच, पण कालगणनेचीच. तेव्हाच्या इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, फ्रान्सच्या राजदरबारात ईस्टरला. पोपचा फेब्रुवारीचा हुकूम त्यांच्या लेखी १२९५ मधलाच. योगायोग असा की १२९६ चं ईस्टर २५ मार्चलाच आलं, म्हणून त्या वर्षी दोघांचं नवं वर्ष एकाच दिवशी लागलं. सिसिलीच्या फ्रेडरिकचा पालेर्मोतला राज्याभिषेकही त्याच दिवशीचा, पोपच्या विरोधाला न जुमानता केलेला. आपल्या पाडव्याची रेघ मारली तशीच युरोपच्या पट्ट्यावर २५ मार्चला एक रेघ मारा. वर्ष १ जानेवारीला बदलतं हे मध्ययुगात कुठेच गृहीत धरू नये, हे मुलांना दाखवायला यापेक्षा चांगलं साधन मिळणार नाही.

पूर्व आशियाचा पट्टा लहान पण नेटका. मंगराय राजाने आजच्या थायलंडमधलं चिआंग माई वसवलं, गुरुवार, १२ एप्रिल. वरच्या रीतीने वार काढून पाहा: १०३ वा दिवस, १०२ ला सातने भागून बाकी चार, गुरुवारच. आणि चीनच्या युआन दरबाराच्या वकिलातीबरोबर आलेला चौ ता-क्वान ऑगस्टमध्ये कंबोडियातल्या अंगकोरला पोचला. तिथले पंडित, बौद्ध भिक्षू आणि शैव असे तीन वेगळे वर्ग त्याने नोंदवले. शिवपूजा अजून चालू असलेल्या अंगकोरचं समोर पाहून केलेलं वर्णन म्हणून त्याचं मोल मोठं आहे.

पश्चिम आशियाच्या पट्ट्यात इराणचा मंगोल सुलतान गाझान आदल्या वर्षी मुसलमान झाला ते आणि वर्षअखेरीस किताबुगाला हटवून लाजीन इजिप्तचा सुलतान झाला ते, एवढंच आहे. लाजीनचा ठिपका हिजरी ६९६ मध्ये पडतो, तो तसाच ठेवा. दक्षिण भारताचा पट्टा जवळजवळ मोकळा आहे: होयसळ, काकतीय, पांड्य यांच्या राजवटींच्या नुसत्या रंगीत पट्ट्या, ठिपका एकही नाही. हे मला पटलं. ज्या घटनेचं साल पक्कं नाही ती भरतीसाठी घुसडली नाही, हा संयम इतिहासाच्या तक्त्यांत क्वचित दिसतो.

दुरुस्त्या करायचा क्रम असा ठेवा. आधी शकपट्टीवर पाडव्याची रेघ, मग युरोपवर २५ मार्चची, मग आळंदीचा ठिपका, मग नकाशातलं नाव, शेवटी आकड्यांपुढचे कंस. एचबी पेन्सिल मॅट कागदावर पुसट उठते, २बी वापरा. शाईचं पेन पसरतं. सगळं झाल्यावर एक फूटभर लांबीची पारदर्शक पट्टी उभी धरून जानेवारीपासून हळूहळू सरकवत जा. सहाही पट्टे एकाच तारखेला वाचता येतात, आणि दोन मिलिमीटरला एक दिवस हे माप डोळ्यांत बसलं की अंतर मोजावंच लागत नाही.

पुण्याच्या पावसाळ्यात मोकळा कागद भिंतीवर लाटा धरतो आणि दोन्ही टोकं आत वळतात, म्हणून नुसत्या चिकटपट्टीवर भरवसा नको. फ्रेमवाल्याकडून पाच मिलिमीटरच्या सनबोर्डवर चिकटवून घ्या. काच नको, पुन्हा चमक येते. चिकटवायच्या आधी दुरुस्त्या पूर्ण करा, कारण सनबोर्डवर पेन्सिलीचा दाब खोल उमटतो आणि नंतर खोडता येत नाही. शाळेसाठी घेत असाल तर दोन प्रती घ्या: एक दुरुस्त केलेली भिंतीवर, आणि दुसरी जशी छापली तशी, नववीच्या मुलांना चुका शोधायला. पुढच्या आवृत्तीत निदान आळंदीचा ठिपका आणि शकपट्टी सुधारली आहे का, हे विकत घेताना ऑक्टोबर उलगडून बघा. ठिपका घडीच्या जवळ, २५ तारखेवर असेल तर ती सुधारलेली प्रत.